न विचारता नावे टाकलेली रक्कम

मराठी जमाखर्चाच्या वहीला दोन बाजू असतात. एक जमेची, दुसरी नावेची. ‘नावे’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्याचा अर्थ आपण सहसा उलगडून पाहत नाही. रक्कम नावे टाकली म्हणजे ती कोणाच्या तरी नावावर लिहिली गेली आणि ती फेडणे हे त्या माणसाचे देणे ठरले. लिहिणारा हात एकाचा आणि ज्याच्या नावावर लिहिले जाते तो माणूस दुसरा. सारा व्यापार या दोघांमधल्या विश्वासावर चालतो. हा विश्वास मोडला, म्हणजे एकाने दुसऱ्याला न विचारता त्याच्या नावे रक्कम टाकली, तर त्या दुसऱ्याने करायचे काय? या प्रश्नाला समाजाने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आमच्या लहानपणी इंदुरात वाण्याकडे उधारीची एक वही असे आणि त्याच नोंदींची दुसरी वही घरी खुंटीला टांगलेली असे. महिन्याच्या शेवटी आजी दोन्ही वह्या मांडीवर घेऊन बसे. तिला आकडेमोड फारशी येत नसे, पण कोणत्या दिवशी किती तूर आणली हे तिला तोंडपाठ असे. फरक निघाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुरुस्त होई, कारण वाणी रोज समोर दिसे आणि त्यालाही याच आळीत राहायचे असे. आता वही आपल्या घरी नाही आणि वाणीही आळीत नाही. कार्डाचा क्रमांक एकदा कोठे तरी दिला की, नावे टाकणारा हात कोणत्या गावी आहे हेही आपल्याला ठाऊक नसते.

या लेखाला निमित्त घडले ते आमच्याच घरी. गेल्या वर्षी एके दिवशी वहिनींनी कार्डाचे मासिक विवरण आमच्यापुढे ठेवले आणि विचारले, “भावोजी, हे चारशे नव्व्याण्णव कशाचे?” आम्हांला सांगता येईना. मागची विवरणे काढली, तेव्हा तीच रक्कम सलग सात महिने पडत आल्याचे दिसले. बेरीज ३,४९३ रुपये. शोध घेता कळले की, एका कंपनीची कसलीशी सेवा महिनाभर फुकट पाहण्यासाठी आम्ही कार्डाचा क्रमांक दिला होता. महिना संपल्यावर तिने आपण होऊन वर्गणी चालू केली होती. आमची पहिली प्रतिक्रिया अगदी आपल्या लोकांना शोभेशी होती: “जाऊ द्या, तीन-साडेतीन हजारांसाठी कोण पत्रे लिहीत बसणार?” वहिनींनी मात्र जाऊ दिले नाही. त्या विचारत राहिल्या, “आपण हो म्हटल्याचे त्यांच्याकडे काय आहे?” हाच प्रश्न मनात घेऊन आम्ही मागे जाऊन पाहू लागलो, तेव्हा दिसले की, दख्खनच्या शेतकऱ्याने तो दीडशे वर्षांपूर्वी विचारला होता.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. तेथून हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून प्रसिद्ध आहेत. या दंग्यांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, माणसांवर हात टाकण्यापेक्षा जमावाचा सारा रोख कागदांवर होता. खते, रोखे आणि वह्या मागून घेतल्या गेल्या व चव्हाट्यावर जाळल्या गेल्या. कारण उघड होते. शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. दस्तावर काय लिहिले आहे ते दुसऱ्याने सांगायचे आणि त्याने त्याखाली आपली निशाणी करायची. घेतलेले किती, फेडलेले किती, व्याज कोठून कोठवर चढले, हे सारे सावकाराच्या वहीत. न्यायालयात निशाणी पुढे आली की व्यवहार सिद्ध होई. निशाणीच्या मागे खरी संमती होती की नाही, हे सहसा कोणी विचारत नसे.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आरंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. या कायद्याने शेतकऱ्याचे कर्ज संपले असे नाही. त्याच्या मर्यादांची चर्चा अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दोन गोष्टी मोलाच्या होत्या. पहिली ही की, दस्तावरची निशाणी पाहून न थांबता व्यवहाराचा मुळापासून शोध घेण्याचे काम न्यायालयावर सोपवले गेले. दुसरी ही की, पैसे मिळाल्याची लेखी पावती देणे आणि ऋणकोने मागितल्यास हिशेबाचा उतारा व खातेपुस्तक देणे सावकाराला बंधनकारक झाले. म्हणजे ज्याच्या हातात वही, त्याच्याच माथी ती दाखवण्याची जबाबदारी. हे तत्त्व मान्य व्हावे म्हणून आधी वह्या जळाव्या लागल्या, ही खेदाची गोष्ट खरी. पण तत्त्व मान्य झाले.

याच सुमारास अमेरिकेत एक कादंबरी गाजत होती. एडवर्ड बेलामी यांच्या १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लुकिंग बॅकवर्ड’ या कादंबरीत भविष्यकाळातील नागरिक नाण्यांऐवजी एक कार्ड घेऊन बाजारात जातात आणि लेखकाने त्याला ‘क्रेडिट कार्ड’ असेच नाव दिले आहे. त्या कल्पित समाजात व्यापारी नफा कमावत नव्हता, म्हणून फसवणुकीचा प्रश्नही उरला नव्हता. प्रत्यक्षात कार्ड आले ते नफा कमावणाऱ्या जगात. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब निघाला. उपाहारगृहात जेवावे, कार्ड दाखवून सही करावी आणि महिन्याने एकत्र पैसे भरावेत, अशी त्याची पद्धत. सही ग्राहक स्वतःच्या हाताने, समोरासमोर करी. तोवर जुन्या वहीचे बरेचसे गुण या नव्या वहीत टिकून होते.

ते बिघडू लागले सप्टेंबर १९५८ मध्ये. बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरी सुमारे ६०,००० लोकांना त्यांनी न मागता टपालाने कार्डे पाठवून दिली. हा प्रयोग पुढे राज्यभर नेला, तेव्हा पैसे थकवणाऱ्यांचे प्रमाण बँकेच्या चार टक्क्यांच्या अंदाजाऐवजी बावीस टक्क्यांवर गेले. तरीही इतर बँकांनी तोच मार्ग धरला. १९६६ साली नाताळाच्या तोंडावर शिकागो परिसरातील बँकांनी सुमारे पन्नास लाख कार्डे घरोघर टाकली. त्यांतील कित्येक वाटेतच चोरीला गेली, काही लहान मुलांच्या नावाने निघाली, आणि ज्यांनी कार्ड डोळ्यांनी पाहिलेही नव्हते अशांच्या घरी पैशांची मागणी येऊन धडकली. मागितले नाही, घेतले नाही, वापरले नाही; तरी नावे मात्र पडले.

लोकांच्या तक्रारी अमेरिकेच्या संसदेपर्यंत पोहोचल्या. १५ मार्च १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी संसदेला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले होते: सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि आपले म्हणणे ऐकले जाण्याचा. त्या मांडणीला कार्डांच्या बाबतीत कायद्याचे रूप आले ते १९७० साली. न मागता कार्ड पाठवण्यास मनाई झाली. परवानगीवाचून कोणी कार्ड वापरले, तर कार्डधारकाची जबाबदारी जास्तीत जास्त पन्नास डॉलरवर थांबली. आणि तो वापर कार्डधारकाच्या परवानगीनेच झाला होता हे सिद्ध करण्याचा भार कार्ड देणाऱ्यावर टाकला गेला. आमच्या वहिनींचा प्रश्न येथे कायद्याच्या भाषेत उतरला होता.

पण चोराने कार्ड वापरणे वेगळे आणि ओळखीच्या व्यापाऱ्याने जास्तीची रक्कम टाकणे वेगळे. दुसऱ्या प्रकारासाठी अमेरिकेत १९७४ साली निराळा कायदा झाला आणि पुढल्या वर्षी तो अमलात आला. न घेतलेल्या वस्तूची आकारणी, ठरल्याप्रमाणे न पोहोचलेल्या मालाची आकारणी, चुकीचा आकडा, हे सारे ‘देयकातील चूक’ या व्याख्येत बसवले गेले. ग्राहकाने साठ दिवसांच्या आत लेखी कळवायचे. कार्ड देणाऱ्याने तीस दिवसांत पोच द्यायची आणि दोन देयकांच्या मुदतीत, पण नव्वद दिवसांहून उशीर न लावता, चौकशी पुरी करायची. तोपर्यंत वादातली रक्कम वसूल करायची नाही आणि ग्राहकाला थकबाकीदारही ठरवायचे नाही. व्यापाऱ्याच्या बँकेकडून रक्कम उलट मागवण्याची ‘चार्जबॅक’ नावाची जी पद्धत कार्डांच्या व्यवहारात रूढ झाली, तिला या कायद्याने मोठे बळ दिले. ब्रिटनमध्येही त्याच १९७४ सालच्या कायद्याने, ठरावीक मर्यादेतील खरेदीत व्यापाऱ्याने करार मोडल्यास कार्ड देणाऱ्यालाही त्याच्याइतकेच जबाबदार धरले.

योगायोग असा की, हेच १९७४ साल आपल्याकडील ग्राहक चळवळीच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ‘पंचायत’ हा शब्दच बोलका आहे. एकट्याने भांडण्याऐवजी चारचौघांत बसून न्याय मागायचा, ही आपली जुनी रीत. अशा प्रयत्नांना देशभरातून साथ मिळत गेली आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा तीन पायऱ्यांची यंत्रणा उभी राहिली. वकिलावाचून, साध्या अर्जावर, सामान्य माणसाला दाद मागता येऊ लागली.

भारतात तोवर कार्ड नुकतेच रुजत होते. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली आपले कार्ड काढले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९०८ साली बडोद्यात स्थापन झालेली बँक ऑफ बडोदाही या क्षेत्रात लवकर उतरली आणि १९९४ साली तिने कार्डांसाठी स्वतंत्र कंपनी काढली. पुढे परदेशी आणि खाजगी बँकांची चढाओढ सुरू झाली, तेव्हा फ्रेस्नो आणि शिकागोचे प्रयोग आपल्याकडे दूरध्वनीवरून होऊ लागले. दुपारच्या झोपेत फोन यावा, “साहेब, फुकट आहे” असे ऐकून माणसाने सौजन्याने “बरे” म्हणावे, आणि महिन्याने त्या ‘बरे’चे शुल्क नावे पडावे, हा अनुभव ज्यांनी घेतला नाही असे कुटुंब विरळा.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००५ मध्ये याला पायबंद घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. न मागता कार्ड देऊ नये. दिले, संमतीवाचून ते चालू झाले आणि पैसे आकारले, तर बँकेने ती आकारणी मागे घ्यावी आणि शिवाय तिच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून त्या माणसाला द्यावी, असा दंडक त्यात होता. बँकांवरील तक्रारींसाठी १९९५ पासून लोकपालाची योजना होतीच. २००६ च्या योजनेत कार्डांच्या तक्रारीही तिच्या कक्षेत आल्या. ऑगस्ट २००९ पासून कार्ड समोर नसताना होणाऱ्या व्यवहारांना जादा पडताळणीची अट लागली. आज आपण ज्याला ओटीपी म्हणतो, ती पद्धत त्यातूनच घरोघरी पोहोचली. आजीच्या वेळी जे काम तोंडी होकार करी आणि सुप्याच्या शेतकऱ्याच्या वेळी निशाणी करी, ते आता सहा आकडे करू लागले.

या साऱ्या वाटचालीचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे ६ जुलै २०१७ चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक. दोष बँकेचा असेल तर ग्राहकावर काहीच भार नाही. दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, तिसऱ्याच ठिकाणी गडबड झाली, तर ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास त्याच्यावर भार नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास तो मर्यादित. त्याहून उशीर झाल्यास बँकेच्या धोरणानुसार. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी आणि नव्वद दिवसांत निकाल लावावा, असे त्यात सांगितले. मात्र ग्राहकाने स्वतःच परवलीचे आकडे कोणाला सांगितले असतील, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचेच. आणि सर्वांत मोलाचे हे की, ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर ठेवला गेला.

त्यानंतर व्यापाऱ्याच्या हातालाही बांध पडू लागले. दरमहा आपोआप जाणाऱ्या वर्गणीसाठी आधी स्पष्ट संमती घ्यावी आणि पैसे घेण्याच्या चोवीस तास आधी ग्राहकाला कळवावे, ही पद्धत ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे अमलात आली. ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना ग्राहकाच्या कार्डाचा खरा क्रमांक आपल्याकडे साठवून ठेवण्यास बंदी झाली. एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सांगितले गेले की, देयकाबद्दल हरकत घेतल्यास कार्ड देणाऱ्याने तीस दिवसांच्या आत खुलासा करावा आणि लागेल तेथे कागदपत्रांचा पुरावा द्यावा. १८७९ च्या कायद्यातील ‘हिशेबाचा उतारा’ आठवावा, असाच हा नियम आहे.

२०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्याने एक मोठी सोय केली: कंपनी कोठलीही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. ग्वाल्हेरच्या माणसाला न्यायासाठी मुंबई-बंगळूर गाठण्याचे कारण उरले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये या कायद्याखाली फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांवर बंदी आली. ग्राहकाच्या नकळत खरेदीत जादा वस्तू घुसवणे आणि वर्गणी सुरू करणे सोपे पण बंद करणे अवघड करून ठेवणे, हे दोन्ही त्यांत आहेत. दुसरा प्रकार वाचताच आम्हांला आमचे चारशे नव्व्याण्णव आठवले.

आता आमच्या प्रकरणाचे काय झाले ते सांगितले पाहिजे. वहिनींनी आधी वर्गणी बंद केली आणि कंपनीला पत्र लिहिले. उत्तरादाखल गोड शब्दांत नकार आला. मग बँकेला लेखी हरकत गेली. तिच्यासोबत सात विवरणांच्या प्रती आणि कंपनीचे उत्तर जोडले होते. बँकेने कंपनीकडे खुलासा मागितला. अखेर शेवटच्या दोन महिन्यांची रक्कम परत आली. आधीच्या पाच महिन्यांची आली नाही, कारण हरकतीची मुदत उलटून गेली होती. आमच्या दूरध्वनीवर दरमहा आगाऊ सूचना येत होती, हेही तेव्हा कळले. शेकडो जाहिरातींच्या गर्दीत आम्ही ती कधी उघडलीच नव्हती. कायद्याने आम्हांला वही दाखवली होती. आम्ही ती पाहिली नव्हती.

म्हणून आमच्या वयाच्या वाचकांसाठी दोन शब्द. महिन्याचे विवरण आले की ते एकदा ओळीओळीने वाचावे. अनोळखी आकडा दिसला, तर तो चोरीचा की व्यापाऱ्याच्या आगाऊपणाचा हे आधी ठरवावे. चोरीचा असेल तर त्याच घटकेला बँकेला कळवून कार्ड बंद करवावे आणि १९३० या क्रमांकावर नोंद करावी. व्यापाऱ्याचा असेल तर आधी त्याला आणि लगेच बँकेला लेखी कळवावे, तक्रारीचा क्रमांक व तारीख जपून ठेवावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. ग्राहकांसाठीचा १९१५ हा क्रमांक आहे आणि जिल्हा आयोगही आहे. ओटीपी मात्र कोणालाही सांगू नये. ती आपली निशाणी आहे.

आपली घराणी परमुलखात आली, रुजली, ती सचोटीच्या बळावर. दुसऱ्याचे देणे ठेवू नये ही शिकवण आपल्या हाडीमांसी भिनलेली आहे. त्याच शिकवणीचा दुसरा अर्धा भाग आपण भिडेपोटी विसरत आलो: जे आपले देणे नाही, ते मुकाट्याने देऊही नये. सुप्याच्या शेतकऱ्याला वही जाळल्यावाचून तिच्यात डोकावता आले नाही. आपल्याला ती दरमहा घरपोच मिळते. आमच्या घरी आता महिन्याच्या पहिल्या रविवारी चहाच्या वेळी वहिनी विवरण मोठ्याने वाचतात आणि आम्ही खुणा करत जातो. आजीची वही टांगलेली असे ती खुंटी अजून भिंतीत आहे. विवरणांची पिशवी आम्ही तिलाच अडकवली आहे.